शांत गल्लीचा भाव

घरांच्या जाहिरातींत एक शब्द हटकून असतो. भिंतीवर रंगवलेली जाहिरात असो, वर्तमानपत्राच्या घडीतून अंगावर पडणारे पत्रक असो, नाहीतर हल्ली मोबाइलवर येणारे चित्र असो. पाण्याविषयी मोघम लिहिलेले असेल, रस्ता डांबरी की कच्चा याबद्दल मौन असेल, पण परिसर मात्र न चुकता 'शांत' असतो. 'शांत व निसर्गरम्य.' सोलापूरच्या आसपास निसर्गरम्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्ही दुधनीकर विचारत नाही. बाभळी आणि तुरीचे रान आम्हालाही रम्यच वाटते. पण 'शांत' या शब्दापाशी मी गेले वर्षभर अडून बसले आहे. कारण गेले वर्षभर आमच्या घरी घर घेण्याचा विचार चालला आहे, आणि जे घर नजरेत आहे ते सोलापुरातल्या अशाच एका शांत गल्लीत आहे.

हा विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही, असे एक-दोन मैत्रिणींनी सुचवले. पाऊस, आई, राष्ट्रीय एकात्मता, परीक्षापद्धतीतील दोष हे वार्षिकांकाचे विषय. घर घेणे हा वडीलधाऱ्यांचा. पण आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे कितीतरी जण असे आहेत की, ज्यांच्या घरी सातबारा, बँकेचा फॉर्म, नगरपरिषदेची नोटीस वाचून दाखवण्याचे काम घरातल्या पहिल्या शिकलेल्या पोराकडे येते. त्यांच्या दृष्टीने हा विषय अभ्यासक्रमातलाच आहे, फक्त त्याला गुण नाहीत.

प्रथम आमच्या गावाविषयी. दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी ही स्थानके मागे पडली की दुधनी येते. गावाला नगरपरिषद आहे, पण गावाची ओळख बाजारपेठेची. तुरीच्या हंगामात सीमेच्या दोन्ही बाजूंचा माल आमच्या मार्केट यार्डात येऊन पडतो आणि त्या दिवसांत गावाला रात्र अशी नसतेच. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, त्यांचे हॉर्न, हमालांच्या हाका. त्या हाकांत एक आवाज आमच्या अप्पांचा. सोळाव्या वर्षापासून ते आडतीवर हमाली करतात.

आमचे घर जुन्या ओणीत आहे. (ओणी म्हणजे बोळ. आमच्याकडे मराठी बोलतानाही ओणीच म्हणतात, आणि घरात बोलणे चालते ते निम्मे कानडी.) दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, खाली शहाबादी फरशी. शहाबाद तसे आमच्याच रेल्वेमार्गावर पुढे असल्यामुळे ती फरशी आमच्याकडे गरिबाच्या घरातही असते. दोन घरांत भिंत एकच. त्यामुळे शेजारच्या घरातला खोकला कोणाचा आहे हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगता येते. पिठाची गिरणी, देवळावरचा कर्णा, मशिदीवरचा कर्णा, लग्नाचा बँड, म्हशी, नळावरचे भांडण असा सगळा दिनक्रम कानांनी कळतो. बारावीला असताना मी माळवदावर चढून वाचीत असे. तिथे आवाज कमी नव्हता. पण तो निदान खालून येत होता.

आता येथे मला आमच्या काही प्राध्यापकांची आगाऊ क्षमा मागून एक गोष्ट बोलायची आहे. मराठी साहित्यात वाडा गेला, चाळ गेली, अंगण गेले, आणि माणसे बंद दारांमागे हरवली, अशी एक हळहळ फार दिवसांपासून चालत आली आहे. ती वर्गात ऐकताना मला नेहमी वाटते, ही हळहळ ज्यांनी केली त्यांतल्या बहुतेकांनी ती बंद दाराच्या आत, स्वतःच्या टेबलाशी बसून केली असणार. आमच्या ओणीत कोणाच्या घरी काय शिजले हे सर्वांना कळते हे खरे. कोणी आजारी पडले तर दहा माणसे धावतात हेही खरे, आणि मी ते विसरणार नाही. पण कोणाच्या मुलीला किती वाजता घरी यायला उशीर झाला हेही त्याच दहा माणसांना कळते. मला पाहायला पाहुणे यायचे होते ही बातमी मला स्वतःला समजण्याआधी ओणीच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावर पोहोचली होती. ऊब आणि पहारा या आमच्याकडे एकाच कांबळीच्या दोन बाजू आहेत. त्या कांबळीत राहणाऱ्या मुलीने थोड्या शांततेची इच्छा धरली, तर तिला आत्मकेंद्रित म्हणू नये.

तेव्हा शांत गल्लीला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

घर घ्यायचा विचार निघाला तो मात्र शांततेसाठी नव्हे, लग्नासाठी. थोरला भाऊ, आमचा अण्णा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. त्याच्यासाठी दोन-तीन ठिकाणी बोलणे झाले. मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा 'सोलापुरात घर आहे का?' हा. दुधनीचे घर त्यांच्या हिशेबात धरलेच जात नाही. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो; तिच्यात घर आधी का येते, याचा उलगडा आम्हाला या वर्षी झाला.

म्हणून आम्ही चौघे जण रविवारी रविवारी सोलापूरला जाऊन घरे पाहू लागलो. सोलापूर महानगरपालिकेची हद्द १९९२ मध्ये वाढली आणि भोवतालची गावे शहरात आली. त्या सगळ्या पट्ट्याला लोक अजूनही 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी पत्त्यात हद्दवाढ राहिलीच. विजापूर रस्ता, होटगी रस्ता, जुळे सोलापूर या बाजूंना अशा वस्त्या पसरल्या आहेत. त्यांपैकी एका गल्लीतले घर अण्णाला आवडले. दीड गुंठ्याची जागा, पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, अंगणात एक शेवग्याचे झाड, जिना बाहेरून.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिथे उभे होतो आणि गल्लीत दुसरे एकही माणूस नव्हते. दोन्ही बाजूंना लोखंडी फाटके, फाटकांवर संगमरवरी पाट्या. मी पाट्या वाचीत गेले. निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी, एक वकील, पुन्हा एक निवृत्त. अण्णा म्हणाला, "किती शांत आहे बघ." अव्वा इकडे तिकडे पाहत होती. ती म्हणाली, "इथं पोरं कुठं आहेत?"

तिच्या त्या प्रश्नाने मला पुष्कळ विचार करायला लावले. पोरे पुण्याला होती, हैदराबादला होती, काही परदेशात. घर विकणाऱ्या गृहस्थांचा मुलगाही पुण्यात स्थायिक झालेला. त्यांना आता त्याच्याकडे जायचे होते आणि म्हणूनच घर विकायला निघाले होते. म्हणजे ज्या शांततेचा भाव आम्ही देणार, ती निम्मी तरी माणसे निघून गेल्याने झालेली होती. सोलापुरात गिरण्या होत्या तोवर हे शहर बाहेरून माणसे ओढून घेत होते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शिकलेली मुले नोकरीसाठी बाहेर जाऊ लागली. आईबापांनी आयुष्यभराच्या भविष्यनिर्वाह निधीतून मुलांसाठी बांधलेल्या खोल्यांत आता दिवाळीपुरते दिवे लागतात. आमच्या दुधनीहून माणूस सोलापूरला येऊ पाहतो, सोलापूरचा पुण्याला, आणि पुण्याचा आणखी कुठे. प्रत्येक जण आधीच्याने रिकाम्या केलेल्या शांततेत जाऊन राहतो.

त्याआधी एक घर हातचे गेले, त्याचीही हकीकत सांगायला हवी. तीही शांत गल्लीच होती. मालकीणबाईंनी पाणी दिले, घर दाखवले, भावाचेही बोलणे झाले. निघताना त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणालात आपण?" अप्पांनी सांगितले. (ते मी येथे पुन्हा लिहीत नाही, लेखावर छापलेले आहेच.) मग त्यांनी गाव विचारले, गावात घर कोणत्या बाजूला आहे ते विचारले. चार दिवसांनी फोनवर कळले की विकण्याचा विचार तूर्त रहित झाला आहे. महिन्याने आम्ही त्याच रस्त्याने गेलो तेव्हा 'घर विकणे आहे' ही पाटी फाटकावर तशीच होती. अप्पांनी ती पाहिली, पण ते काही बोलले नाहीत. हमालाला ओझे उचलताना बोलायची सवय नसते.

शांत वस्ती आणि आडनाव यांचे नाते नवे नाही, हे मला नंतर वाचताना कळले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून रोग पसरतो म्हणून १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव रस्ते, झाडे, मोकळी हवा असलेल्या वसाहती पाडल्या. आपण आज जिला 'रेसिडेन्शियल एरिया' म्हणतो तिचा आपल्याकडचा एक मोठा आरंभ असा मृत्यूच्या भीतीतून झाला. त्या वसाहतींची नावे पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. त्याच काळात, १९१५ मध्ये, मुंबईतल्या गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा संस्थांत तिची गणना होते. तिने मध्यमवर्गाला भाड्याच्या जाचातून सोडवले, सहकार घराच्या उंबरठ्यापर्यंत आणला. हे श्रेय मोठे आहे, आणि तिच्या संस्थापकांचा हेतू आपल्या माणसांची सोय करण्याचा होता. पण 'आपली माणसे' म्हणजे कोण, हे नावातच ठरून गेलेले होते. पुढे गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा तिचा पोटनियम न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात घटनेचे पंधरावे कलम आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते येथे जातीवरून वा धर्मावरून कोणाला अडवता येणार नाही, असे ते सांगते. ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात रस्ता आहे. रस्त्याकडेच्या घराचे फाटक नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन घरे माझ्या डोळ्यांसमोर येतात. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, आणि ओळख फुटताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आणि त्याच माणसाने १९३० नंतरच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे त्या काळच्या शांत आणि प्रतिष्ठित वस्तीत, 'राजगृह' बांधले. ते ग्रंथांसाठी बांधले. बाबासाहेबांनी घर बांधले तर ते वाचनासाठी शांत हवे होते, याचा मला फार आधार वाटतो. शांतता ही उच्चभ्रूंची चैन आहे असे म्हणून आपण ती सोडून देऊ नये. ती आपल्यालाही हवी आहे, आणि आपल्याच नावावर हवी आहे.

याच्या उलट टोकाची एक वसाहत आमच्या सोलापुरातच आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. सोलापूरचे सेटलमेंट हे त्यांपैकी एक. आतल्या लोकांनी हजेरी द्यायची, परवानगीने बाहेर पडायचे, गिरणीत राबायचे आणि परत कुंपणात यायचे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. वस्तीचे नाव अजून 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. कॉलनी हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! कुठे कुंपण बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून असते, कुठे आतल्याने बाहेर जाऊ नये म्हणून.

असो. इतिहास वाचून घर मिळत नाही. त्याला कागद लागतात. आणि या कागदांनी मला जेवढे शिकवले तेवढे पदवीच्या दोन वर्षांत क्वचितच कशाने शिकवले असेल.

आमच्याकडे एक एजंट येत असे. त्याच्या हातात रंगीत नकाशा. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, हे तो पाढ्यासारखे म्हणे. नकाशात बाग होती, मंदिर होते, तीस फुटी रस्ता होता. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. मी विचारले, "रेखांकन मंजूर आहे का?" तो म्हणाला, "ताई, सगळं होऊन जातंय. आत्ता नोटरी करून घेऊ, नंतर रजिस्टर." येथे माझे कान उभे राहिले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. तरी शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतच राहिले, कारण गरिबाची ऐपत तेवढीच. व्यवहार स्टँपपेपरवर, नोटरीपुढे, विश्वासावर. घरे उभी राहिली, वीज आली, मते पडली. उताऱ्यावर मात्र नाव जुन्या शेतकऱ्याचेच. मग २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड पैसे भरून नियमित करून घेण्याची सोय झाली. २०२१ मध्ये ती मुदत पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू केली. २०२५ मध्ये तुकडेबंदीच्या कायद्यातच सवलती देण्याचे पाऊल सरकारने उचलले. याचा अर्थ असा की, आपल्याकडे घर पुढे चालते आणि कायदा मागून येतो. मागून येतो तोवर एक पिढी जीव मुठीत धरून राहते. शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर वा करारावर मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये स्पष्ट केले. प्लॉट पाडून विकणाऱ्या मोठ्या रेखांकनांची नोंद महारेराकडे लागते, ती २०१७ पासून. हे सारे मी वाचले, आणि अप्पांना आमच्या मिश्र भाषेत समजावून सांगितले. अप्पा सही करतात, पण वाचत नाहीत. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग तो माणूस खोटा?" मी म्हटले, "खोटा नसेल. पण त्याचा कागद कच्चा आहे." पोत्याचा काटा कच्चा म्हणजे काय हे त्यांना नीट कळते. एजंटाला त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

'बी.ए. करून काय करणार?' असे ओणीतले लोक मला नेहमी विचारतात. त्यांना माझे उत्तर असे की, कागद वाचणार. दस्त, इंडेक्स टू, तीस वर्षांचा शोध अहवाल, यांतली मराठी कोणत्याही कवितेपेक्षा दुर्बोध असते आणि ती वाचता न आल्यामुळे बुडालेली घरे आमच्या तालुक्यात कमी नाहीत. आपल्या महाविद्यालयाने कधी एखादे व्याख्यान या विषयावर ठेवले तर निवडणुकीच्या भाषणांपेक्षा त्याला अधिक गर्दी होईल, अशी माझी खात्री आहे.

शांत गल्ली परवडत नाही म्हणून घरच नको, असेही कोणी म्हणू नये. अक्कलकोटहून सोलापूरला जाताना कुंभारी लागते. तिथे विडी वळणाऱ्या स्त्रियांनी सहकारी संस्थेतून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचा सोहळा झाला. त्यामागे नरसय्या आडम यांनी चालवलेली कामगार चळवळ होती. नंतर त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतली पंधरा हजार घरे कामगारांना देण्यात आली. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन राजकारणांतले दोन पंतप्रधान एकाच माळरानावर एकाच प्रकारच्या लोकांच्या घरांसाठी आले, ही गोष्ट मला मोठी वाटते. ती घरे लहान आहेत, शहरापासून लांब आहेत, कामावर जायला बसचे भाडे पडते, आणि हजारो बिऱ्हाडे एकत्र म्हटल्यावर तिथे शांतता कुठली! पण कोणाचे आडनाव विचारून ती दिलेली नाहीत. विडीचे सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईच्या नावाचा कागद ट्रंकेत आहे. मला विचाराल तर शांततेचा पाया तो आहे. घरमालक उद्या निघा म्हणणार नाही, हे माहीत असलेल्या झोपेइतकी शांत झोप दुसरी नाही.

यावरून नावाचा प्रश्न आमच्याही घरात निघाला. घर कोणाच्या नावावर? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट आहे. मी ते सांगताच अण्णा लगेच म्हणाला, "मग अव्वाच्या नावावर घेऊ, पैसे वाचतील." मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. एक टक्का नसता तर? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करावा असे सांगत ते गावोगाव फिरले. त्यांनी सूट देऊ केली नव्हती. बायकोचे कष्ट मोजा, एवढेच म्हटले होते. आमच्या अव्वाने दुसऱ्यांच्या डाळी निवडून जे साठवले ते या घराच्या रकमेत आहे, आणि तो भाग एक टक्क्याहून फार मोठा आहे. (मुलीचाही वडिलांच्या मिळकतीत हक्क असतो. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने मान्य केला. पण ते मी सध्या घरात बोलत नाही; एका वेळी एकच विषय.)

अव्वाची अडचण मात्र निराळीच आहे. तिला ती गल्ली भीतीदायक वाटते. तिथे ताक कोणाकडे मागायचे? कानडीत कोणाशी बोलायचे? सोलापुरात कानडी बोलणारे भरपूर आहेत असे मी तिला समजावते, ती म्हणते, "असतील, पण फाटकाच्या आत असतील." नळाला रोज पाणी नाही, चार-पाच दिवसांआड येते असे शेवग्याच्या घरच्या बाईंनी तिला सांगितले होते. पाणी आले की सगळी गल्ली बाहेर येते, हेही सांगितले. अव्वाला त्यातल्या दुसऱ्या वाक्याने धीर आला.

मला या साऱ्यातून जे वाटते ते असे. शांतता म्हणजे माणसे नसणे नव्हे. आणि निवडक माणसेच असणे तर नव्हेच. आवाजाची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. त्या नियमात विजापूर रस्ता आणि दुधनीची ओणी असा भेद केलेला नाही. मग आमच्या ओणीला ती शांतता का मिळू नये? हद्दवाढीतल्या गल्लीत मिरवणुकीचा डीजे रात्री शिरला तर तिथले निवृत्त अधिकारी फोन करतात आणि त्यांचा फोन उचलला जातो. आमच्या ओणीतून फोन करायला कोणी धजत नाही, आणि केलाच तर नाव विचारतात. दुधनीत नवे प्लॉट पडत आहेत. तिथे गटार आधी आणि घर नंतर असे होईल, एखादी अभ्यासिका निघेल, कर्ण्यांना वेळ राहील, तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना सोलापूर गाठावे लागणार नाही. हे काम नगरपरिषदेचे आहे, पण मागायचे आपण आहे. आपण मागतो ते कमान आणि सभामंडप.

ही अपेक्षा पुरी होईतो अण्णाचे लग्न थांबणार नाही, हे मला कळते. म्हणून शेवग्याच्या झाडाचे घर घ्यावे, असे माझे मत मी घरात दिले आहे. माझ्या अटी दोन : शोध अहवाल स्वच्छ आला पाहिजे आणि दस्तावर अव्वाचे नाव पहिले पाहिजे. अप्पांनी तिसरी घातली. त्यांना दुधनीचे घर विकायचे नाही. तुरीच्या हंगामात ते यार्डावर राहणारच.

शोध अहवाल वकिलांकडे आहे. विसाराची रक्कम अव्वाने धान्याच्या डब्यात बाजूला काढून ठेवली आहे. मागच्या रविवारी ती पुन्हा ते घर पाहायला गेली होती, पण या वेळी सकाळी नव्हे. नळाला पाणी येण्याची वेळ विचारून, त्या वेळेला गेली. परत आल्यावर म्हणाली, समोरच्या फाटकातल्या बाईंचे माहेर आळंदचे आहे आणि त्या ताक घरीच घुसळतात.